उद्याच्या तासाला काय नेता येईल? ऑपरेशन्स रिसर्चच्या शिक्षकांसाठी व्यावसायिक संस्थांनी उभ्या केलेल्या सेवांचे परीक्षण

मुंबई विद्यापीठात बीएमएस या व्यवस्थापनाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला, एमएमएस या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आणि अभियांत्रिकीच्या काही शाखांना ऑपरेशन्स रिसर्च (ओआर), म्हणजे मर्यादित साधनांतून सर्वोत्तम निर्णय गणिताने शोधण्याचे शास्त्र, हा विषय अनेक वर्षे शिकवला जात आला आहे. परंतु तो शिकवणारी व्यक्ती महाविद्यालयात बहुधा एकटीच असते. अकाउंट्सच्या चार शिक्षकांना स्टाफरूममध्ये एकमेकांशी बोलून शंका सोडवता येतात. ओआरच्या शिक्षकाला डीजनरसी, म्हणजे उत्तर शोधताना एखादे मूळ चल शून्यावर अडकणे, कशी समजावावी हे विचारायला शेजारच्या टेबलावर कोणी नसते. अशा एकट्या शिक्षकासाठी व्यावसायिक संस्था काय काय पुरवतात आणि त्यातले मुंबईतल्या भरगच्च वर्गात काय टिकते, हे येथे तपासले आहे. कसोटी एकच ठेवली आहे: आज रात्री वाचले तर उद्या सकाळच्या तासाला ते नेता येते का?

या कसोटीवर सर्वांत वर येते ती इन्फॉर्म्स ही अमेरिकेतील संस्था. १९५२ साली स्थापन झालेली ऑपरेशन्स रिसर्च सोसायटी ऑफ अमेरिका आणि १९५३ सालची इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट सायन्सेस या दोघींच्या विलीनीकरणातून ती १९९५ मध्ये उभी राहिली. अध्यापनाला वाहिलेले तिचे ‘इन्फॉर्म्स ट्रान्झॅक्शन्स ऑन एज्युकेशन’ हे नियतकालिक २००० साली सुरू झाले. ते छापील अंकांसाठी काढलेले नव्हते, आरंभापासूनच संगणकावर वाचण्यासाठी होते, आणि त्यातील लेख सर्वांना विनामूल्य खुले असतात. संशोधनपत्रिकेची वर्गणी ऐकून ज्या महाविद्यालयाचे ग्रंथपाल मान हलवतात, तिथल्या शिक्षकाला या एका गोष्टीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

त्यात लेख आहेत, वर्गात खेळायचे खेळ आहेत आणि मुख्य म्हणजे केसेस, म्हणजे प्रत्यक्ष प्रसंगावर बेतलेले चर्चेचे प्रश्न, आहेत. केस सर्वांना वाचता येते. तिची टीचिंग नोट, म्हणजे उत्तर, चर्चेची दिशा आणि वेळेचे नियोजन सांगणारे टिपण, मात्र शिक्षकांपुरतेच राखलेले असते. ही व्यवस्था मला योग्य वाटते. आपल्याकडे सोडवलेल्या उदाहरणांचे गाइड परीक्षेच्या आधी झेरॉक्सच्या दुकानात टांगलेले असते, आणि उत्तर आधीच हातात असलेल्या वर्गात केसवर चर्चा कशी होते हे ज्याने पाहिले आहे, त्याला या कुलपाचा राग येणार नाही. मार्टिन च्लॉन्ड यांचे कोड्यांचे सदर हा या नियतकालिकाचा मला विशेष आवडलेला भाग. एखादे कोडे घ्यायचे, ते शून्य-एकच्या (नाही किंवा होच्या) चलांमध्ये मांडायचे आणि सॉल्व्हरकडून, म्हणजे अशी गणिते सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून, सोडवून घ्यायचे, अशी त्याची रीत आहे. इंटिजर प्रोग्रामिंग (उत्तरे पूर्णांकातच हवीत अशी गणिते) म्हटल्यावर ज्यांचे डोळे मिटू लागतात ती मुले सुडोकूच्या चौकटीसाठी मर्यादा लिहायला सांगितल्यावर वहीत मान घालून बसतात.

या समुदायातून आलेली जी वस्तू मी सर्वाधिक वापरते ती मात्र या नियतकालिकातली नाही. इन्फॉर्म्सच्याच ‘ओआर/एमएस टुडे’ या द्वैमासिकात १९९७ साली नॉर्मन पेन्डेग्राफ्ट यांनी लेगोच्या ठोकळ्यांचा एक प्रयोग मांडला, आणि तो जगभरच्या वर्गांत गेला. मुलांच्या गटाला ६ मोठे आणि ८ छोटे ठोकळे द्यायचे. एका टेबलाला २ मोठे व २ छोटे ठोकळे लागतात आणि १६ डॉलर नफा मिळतो. एका खुर्चीला १ मोठा व २ छोटे लागतात आणि १० डॉलर मिळतात. जास्तीत जास्त नफा करा, एवढेच सांगायचे. बहुतेक गट टेबलाच्या नफ्यावर भाळून आधी ३ टेबले जोडतात. ४८ डॉलर होतात, मोठे ठोकळे संपतात आणि २ छोटे हातात उरतात. मग कोणीतरी एक टेबल मोडते. त्यातून सुटलेले ठोकळे आणि उरलेले २ छोटे मिळून २ खुर्च्या होतात, १६ जाऊन २० येतात आणि बेरीज ५२ होते. फळ्यावर एक अक्षर न लिहिता सिम्प्लेक्सची, म्हणजे एकेका बदलाने नफा वाढवत नेण्याच्या पद्धतीची, एक पायरी येथे पार पडलेली असते.

खरी गंमत त्यापुढे आहे. आता आणखी एक मोठा ठोकळा विकत मिळाला तर त्याला किती किंमत द्याल, असे विचारायचे. मुले एका खुर्चीत तो ठोकळा घालून तिचे टेबल करतात, १० चे १६ होतात, म्हणजे ६ डॉलर. आठव्या ठोकळ्यालाही तेवढेच मिळतात. नववा ठोकळा पुढे केला की गट घुटमळतो, कारण आता मोडायला खुर्ची नाही आणि नवे काही जोडायला छोटा ठोकळा नाही. शॅडो प्राइस, म्हणजे साधनाचा एक नग वाढल्याने वाढणारा नफा, ही मर्यादित पल्ल्यापुरतीच खरी असते, हे मी पूर्वी फळ्यावर सांगत असे आणि मुले ते उतरवून घेत असत. नववा ठोकळा हातात धरून बसलेल्या मुलाला ते पुन्हा सांगावे लागत नाही. अस्सल लेगो आपल्या वर्गाला परवडत नाही. अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून आणलेल्या दोन रंगांच्या कार्डशीटचे चौकोनही तेच काम करतात, फक्त पंखा बंद ठेवावा लागतो.

याच समुदायाचा फ्रान्झ एडेलमन पुरस्कार हा वास्तविक व्यवहारासाठी आहे, अध्यापनासाठी नाही; तरीही शिक्षकाच्या दृष्टीने त्याची उपयुक्तता मोठी आहे, कारण अंतिम फेरीतील कामांवरचे लेख संस्थेच्याच दुसऱ्या एका नियतकालिकात प्रसिद्ध होतात आणि त्यांत कोणत्या अडचणीतून कोणते गणिती प्रतिमान (मॉडेल) आले याची सविस्तर हकिकत असते. २००८ साली हा पुरस्कार नेदरलँड्स रेल्वेला मिळाला. त्यांनी डिसेंबर २००६ पासून आपले सगळे वेळापत्रक गणिती पद्धतींनी नव्याने बेतून अमलात आणले होते. कर्जत-कसाऱ्याहून दाटीवाटीत उभे राहून आलेल्या मुलांना गाडी, फलाट, डबे आणि कर्मचारी यांचे एकाच वेळी नियोजन म्हणजे काय, हे समजावण्यासाठी वेगळी प्रस्तावना करावी लागत नाही. शिकवण्यासाठीचे जे स्वतंत्र पुरस्कार ही संस्था देते, त्यांचा विजेत्यांना उपयोग होत असेल. माझ्या सोमवारच्या तासाला होत नाही.

इन्फॉर्म्सच्या साहित्यात उणिवा दोन आहेत आणि त्या छोट्या नाहीत. पहिली अशी की बहुतेक केसेस पंचवीस-तीस मुलांचा वर्ग, प्रत्येकापुढे लॅपटॉप आणि सलग दीड तास हे गृहीत धरतात. शंभरावर मुले, अठ्ठेचाळीस मिनिटांचा तास आणि हजेरीत गेलेली त्यातली सात-आठ मिनिटे हे आपले वास्तव. केस तीन तुकडे करून तीन तासांना वाटली तर चालते, पण मधल्या सुट्टीनंतर धागा पुन्हा जोडावा लागतो. दुसरी उणीव परीक्षेची, आणि तिचा दोष त्या संस्थेचा नव्हे. तिथले साहित्य सॉल्व्हरकडून उत्तर काढून घेऊन त्याचा अर्थ लावायला शिकवते. आपल्या उत्तरपत्रिकेत गुण मिळतात ते सिम्प्लेक्सचे तक्ते हाताने नीट आखण्याला, माल कुठून कुठे धाडावा हे ठरवणाऱ्या व्होगेलच्या पद्धतीत दंड अचूक लिहिण्याला आणि असाइनमेंटमध्ये (कोणते काम कोणाला द्यावे या प्रकारच्या गणितात) शून्यांवर कमीत कमी रेघा ओढण्याला. केसमध्ये रंगलेली मुलगी घरी जाताना जिन्यात थांबून “मॅडम, हे पेपरला येणार का?” असे विचारते, तेव्हा तिला खोटे सांगता येत नाही.

आता आपल्याकडचे पाहू. ऑपरेशनल रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया १९५७ मध्ये स्थापन झाली. म्हणजे विविध देशांच्या संस्थांना जोडणारे इफोर्स हे जागतिक महामंडळ १९५९ साली निघाले, त्याच्याही आधी. सोसायटीचे मुख्यालय कोलकात्याला आहे, ‘ऑपसर्च’ हे तिचे संशोधन-नियतकालिक १९६४ पासून निघते आणि मुंबईतही तिची शाखा आहे. वार्षिक अधिवेशन, व्याख्याने, शोधनिबंध या अंगाने संस्थेचे काम भरीव आहे आणि पीएचडी करणाऱ्या शिक्षकाने तिचे सभासद व्हावे असे मी निःसंकोच सांगेन. पदवी वर्गाला शिकवणाऱ्या शिक्षकाच्या हाती मात्र त्यातून थेट फारसे काही पडत नाही. ‘ऑपसर्च’मधला लेख उद्याच्या तासाला नेण्याजोगा नसतो, आणि तो त्यासाठी लिहिलेलाही नसतो. एकूणच आपल्याकडे शिक्षकांसाठीच्या कार्यक्रमांचा सूर संशोधनाकडे अधिक झुकतो. मुंबईत अशा कार्यक्रमात बसलात तर बीजभाषणात डबेवाले येणार हे जवळपास ठरलेले असते. त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे; पण त्यांच्यावरून मुलांना सोडवायला देता येईल असे, आकडे आणि मर्यादा असलेले एक तरी उदाहरण वक्त्यांनी सोबत आणावे, एवढीच विनंती.

साधनांच्या बाबतीत मात्र मुंबईकडे अभिमानाने दाखवण्यासारखे काही आहे, जरी ते व्यावसायिक संस्थेकडून न येता पवईच्या आयआयटीतून येते. तिथल्या फॉसी प्रकल्पाने सायलॅब या गणिती आकडेमोडीच्या मुक्त प्रणालीसाठी ऑप्टिमायझेशनची (सर्वोत्तम उत्तर शोधण्याची) साधनपेटी तयार केली आहे. तिच्या पोटात कॉइन-ओआर या मुक्त सॉफ्टवेअरच्या समुदायाने घडवलेले सीएलपी, सीबीसी, सिम्फनी असे सॉल्व्हर बसवलेले आहेत. कॉइन-ओआरचा आरंभ २००० साली आयबीएमच्या पुढाकाराने झाला, आणि याच सीबीसीला पायथन या संगणकभाषेच्या पल्प या लायब्ररीतूनही (तयार आज्ञावलींच्या संचातूनही) हाक मारता येते. परवान्याचा खर्च शून्य, आणि एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये चलांची मर्यादा येते ती येथे येत नाही. आयआयटीच्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सायलॅबचे पाठ मराठी निवेदनासह आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या आणि इंग्रजी सूचना वाचताना अडखळणाऱ्या मुलांना मी ते आधी ऐकायला लावते. निवेदन संथ आहे, तरी कुठे क्लिक करायचे हे कळते आणि मूल लॅबमध्ये हात वर करून थांबून राहत नाही. संकल्पनांसाठी एनपीटीईएल या विनामूल्य व्याख्यानांच्या संकेतस्थळावरील मद्रास आयआयटीच्या जी. श्रीनिवासन यांची व्याख्याने आहेतच. फळा, खडू आणि हळूहळू पुढे सरकणारा तक्ता अशी त्यांची पद्धत आपल्या परीक्षेलाही जुळते.

ब्रिटनच्या ओआर सोसायटीबद्दल थोडक्यात. १९४८ साली क्लब म्हणून सुरू झालेल्या या संस्थेचे स्वयंसेवक शाळांमध्ये जाऊन हा विषय काय आहे ते सांगतात. आपल्याकडे बारावीच्या वाणिज्य शाखेच्या गणितात लिनियर प्रोग्रामिंग (रेषीय मर्यादांत सर्वाधिक नफा वा किमान खर्च शोधणे), असाइनमेंट आणि सीक्वेन्सिंग (कामांचा क्रम ठरवणे) हे घटक आहेत, म्हणजे श्रोते तयार आहेत. तिथे जाऊन बोलणारे मिळत नाहीत. ज्यांना अभ्यासासाठी नुसती आकडेवारी हवी आहे त्यांनी जे. ई. बीझली यांनी १९९० पासून खुली ठेवलेली ओआर-लायब्ररी पाहावी. दिसायला ती अगदी जुन्या वळणाची आहे, पण साध्या मजकुराच्या त्या फायली कोणत्याही संगणकावर उघडतात.

या सगळ्यात जे कुठेच मिळत नाही ते म्हणजे मुंबईची, टीचिंग नोटसह तयार केलेली, मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांतली केस. सामग्रीचा तुटवडा नाही. शहराला पाणी पुरवणारे सात जलाशय आहेत: अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी. त्यांचा एकूण उपयुक्त साठा सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर आहे आणि त्यात जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा. रोजचा पुरवठा सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर धरला, तर काठोकाठ भरलेले जलाशय वर्षाहून थोडेसेच अधिक पुरतात. पावसाळा लांबला तर दहा टक्के कपात कोणत्या महिन्यात सुरू करावी, कोणत्या जलाशयातून आधी उपसावे, बाष्पीभवन कसे धरावे, आणि कपात लवकर केली तर रोजची गैरसोय व उशिरा केली तर जूनमधली आणीबाणी यांची तुलना कशाने करावी, हे सर्व एका नेटक्या लिनियर प्रोग्राममध्ये बसते. साठ्याचे आकडे पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रात येतात, त्यामुळे मुलांना ते घरूनच आणायला सांगता येतात. रविवारच्या मेगाब्लॉकचेही तसेच: माटुंगा ते मुलुंड दरम्यान जलद गाड्या धिम्या मार्गावर वळवल्या की त्या मार्गावर किती गाड्या मावतात आणि कोणत्या रद्द कराव्या लागतात, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी फलाटावर उभे राहून अनुभवलेला असतो.

अशी केस एकट्या शिक्षकाने लिहिणे अवघड आहे, कारण टीचिंग नोट लिहायला आणि दुसऱ्याच्या वर्गात तपासून घ्यायला माणसे लागतात. मुंबईतल्या शाखेने वर्षाला दोन व्याख्याने कमी करून त्या वेळात तीन-चार महाविद्यालयांच्या शिक्षकांना एका टेबलाशी बसवले, आणि पूर्वी नीटी म्हणून ओळखली जाणारी व २०२३ पासून आयआयएम मुंबई झालेली, विहार तलावालगतची संस्था किंवा आयआयटीतील ओआरचा विभाग यांनी मसुदा वाचून दिला, तर पहिली केस जलाशयांचीच घ्यावी. ती इंग्रजीतून ‘ट्रान्झॅक्शन्स ऑन एज्युकेशन’कडे पाठवता येईल, आणि मराठी आवृत्ती पुढच्या जूनच्या आत वर्गांत पोहोचली पाहिजे, कारण जलाशयांच्या आकड्यांकडे मुले तेव्हाच सर्वांत अधिक लक्ष देतात.