झोटेरो नऊ महिने वापरल्यानंतर: ‘महाराष्ट्र, जी. ऑफ’ हे लेखक कोण?

गेल्या आठवड्यात माझा लेख एका संशोधन नियतकालिकाच्या परीक्षकांच्या शेऱ्यांसह परत आला. आशयाबद्दल त्यांनी दोन ओळी लिहिल्या होत्या आणि संदर्भसूचीबद्दल अर्धे पान. त्या अर्ध्या पानातला पहिलाच प्रश्न असा होता, की ‘महाराष्ट्र, जी. ऑफ’ हे लेखक कोण, आणि 1962 साली त्यांनी रत्नागिरी जिल्ह्यावर एवढा मोठा ग्रंथ लिहिला असेल तर मजकुरात त्यांचा परिचय का नाही. प्रश्न खोचक होता, पण रास्त होता. झोटेरो या संदर्भ साठवून सूची तयार करणाऱ्या संगणक प्रणालीचा हा अनुभव लिहायला बसलो आहे तो त्या एका नोंदीमुळेच.

लेख दाभोळपासून राजापूरपर्यंतच्या जुन्या बंदरांच्या व्यापारावर आहे, इंग्रजीत आहे आणि त्याला 86 संदर्भ आहेत. पूर्वी मी हे काम बिस्किटांच्या डब्यात ठेवलेल्या कार्डांवर करीत असे. दिवाळीनंतर झोटेरो घेतले आणि पहिले दोन महिने मला ते कार्डांपेक्षा अधिक कटकटीचे वाटले. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) किंवा डीओआय (ऑनलाइन लेखाचा कायमचा क्रमांक) टाकला की नोंद आपोआप भरते, असे सगळे सांगतात आणि ते खरेही आहे. परंतु आयएसबीएन 1970 च्या सुमारास रूढ झाला आणि डीओआय 2000 नंतर. माझा मुख्य आधार 1880 चे मुंबई इलाख्याचे गॅझेटियर (सरकारी जिल्हावर्णन), त्याचा रत्नागिरी आणि सावंतवाडीवरचा दहावा खंड, आणि त्याची 1962 ची सुधारित आवृत्ती. या दोघांना असला कोणताही क्रमांक नाही. त्यामुळे निम्म्या नोंदी मी हाताने भरल्या आणि उरलेल्या एका ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरून उचलल्या.

घोटाळा तिथेच झाला. झोटेरोमध्ये लेखकासाठी मुळात दोन चौकटी असतात, एक आडनावाची आणि एक नावाची. त्या संकेतस्थळावरून नोंद आली ती ‘गव्हर्नमेंट ऑफ महाराष्ट्र’ या संस्थेची फाळणी करूनच: आडनाव ‘महाराष्ट्र’, नाव ‘गव्हर्नमेंट ऑफ’. चौकटीशेजारी एक लहानसे चिन्ह असते. ते दाबले की दोन चौकटींची एक होते आणि संस्थेचे नाव अखंड राहते. हे चिन्ह मी नऊ महिने रोज पाहिले आणि एकदाही दाबले नाही.

संदर्भ लिहिण्याच्या ठरावीक पद्धती असतात; पहिल्या नियतकालिकाला त्यांपैकी शिकागो पद्धतीचे लेखक-वर्ष संदर्भ हवे होते. त्या पद्धतीत पूर्ण नाव छापले जाते, म्हणून सूचीत ‘महाराष्ट्र, गव्हर्नमेंट ऑफ’ असे उमटले. ग्रंथालयाच्या तालिकेतही अशीच उलटी नावे पाहण्याची सवय असल्यामुळे मला ते उलट अधिक विद्वत्तापूर्ण वाटले. शिमग्याच्या सुमारास त्या नियतकालिकाने लेख आपल्या कक्षेत बसत नाही असे कळवून परत केला आणि दुसऱ्या नियतकालिकाला एपीए या दुसऱ्या पद्धतीची सातवी आवृत्ती लागत होती. येथे माझे मत पार बदलले. कार्डांच्या काळात ज्या कामाला मला अख्खी मे महिन्याची सुट्टी पुरली नसती, ते शैली बदलण्याच्या एका यादीतून काही क्षणांत झाले: नावांची आद्याक्षरे झाली, वर्षे कंसात गेली, मजकुरातल्या तीन आणि अधिक लेखकांच्या नोंदी ‘एट अल.’ (म्हणजे ‘आणि इतर’) झाल्या. मी चहा ठेवायला उठलो होतो. तो उकळण्याच्या आत सूची तयार होती. त्या आनंदात सूची पुन्हा वाचली नाही. एपीएने ‘गव्हर्नमेंट ऑफ’चे ‘जी. ऑफ’ करून ठेवले होते.

आद्याक्षरांचा आणखी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. मजकुरात इतिहासकार ‘राजवाडे’ यांच्या आधी मध्येच ‘व्ही. के.’ उमटू लागले आणि ते हाताने खोडले तरी सूची ताजी करताना परत येई. कारण शोधायला दोन संध्याकाळी गेल्या. एका नोंदीत मी ‘व्ही. के.’ लिहिले होते, दुसरीत ‘विश्वनाथ काशिनाथ’. झोटेरोने त्यांना दोन निराळे राजवाडे समजून ओळख पटावी म्हणून आद्याक्षरे जोडली होती. त्याचे वागणे तर्कशुद्ध होते. कंटाळा माझा होता. शीर्षकांचेही असेच: शिकागोला प्रत्येक मुख्य शब्दाचे पहिले अक्षर मोठे चालते, एपीएला शीर्षके वाक्यासारखी हवीत, आणि ती बदलताना ‘सावंतवाडी’ लहान अक्षरात गेली, तीही हाताने परत आणावी लागली.

ऐन आगोटीला मात्र जिवावरचे संकट आले. वीज नव्हती, म्हणून मी लेखाची फाइल आमच्या महाविद्यालयातील एका ज्येष्ठ मॅडमना भाषा तपासायला पाठवली. त्यांनी ती दुसऱ्याच लेखनप्रणालीत उघडून जतन केली. परत आली तेव्हा सर्व संदर्भ साधा मजकूर झाले होते. झोटेरोशी असलेला दुवा तुटला होता. ‘सर, मी फक्त स्वल्पविराम सुधारले हो,’ असे त्या म्हणाल्या, आणि ते खरे होते. तीन दिवसांपूर्वीची प्रत मी स्वतःलाच ईमेल केली होती म्हणून वाचलो. त्यांचे स्वल्पविराम कागदावर पाहून एकेक करून घातले. तेव्हापासून तपासायला कोणालाही पीडीएफ देतो.

खर्चाबद्दल: प्रणाली मोफत आहे, नोंदींच्या साठवणीला मर्यादा नाही, फक्त फाइलींसाठी 300 एमबी मिळतात आणि 2 जीबीसाठी वर्षाला 20 डॉलर मागतात. तेवढ्यात आमच्याकडे पावसाळ्यासाठी सुक्या मासळीची बेगमी होते. त्यामुळे स्कॅन केलेली गॅझेटियरे मी पेनड्राइव्हवर ठेवली आहेत आणि पैसे भरण्याचा विचार नाही. कार्डांचा डबा मात्र भंगारात दिला.

काल रात्री संस्थांच्या सर्व नोंदी उघडून ते चिन्ह दाबत बसलो. एकूण अकरा निघाल्या. त्यांत एक ‘प्रेसिडेन्सी, बी.’ही होते (म्हणजे ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी’, मुंबई इलाखा), ते परीक्षकांच्या नजरेतून कसे सुटले, हे मी त्यांना विचारणार नाही. उत्तराच्या पत्रात मी एवढेच लिहिले आहे, की सदर लेखक हे महाराष्ट्र शासन असून त्यांचे नाव आता पूर्ण छापले आहे.