कड्यावरचा वारा: टेंट घ्यावा की ताडपत्रीवर भागवावं?

वारा नसेल तेव्हा टेंट काय नि ताडपत्री काय, दोन्हींत झोप लागते. प्रश्न येतो तो हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याजवळ किंवा घाटमाथ्यावरच्या एखाद्या उघड्या पठारावर मुक्काम असला की. तिथे आधी दोन गोष्टी बघायच्या: मेख कशात ठोकणार, आणि रात्री वारा कुठून येणार.

यातली दुसरी गोष्ट सहसा कुणी बघत नाही. थंडीच्या दिवसांत दुपारचा वारा कोकणातून वर चढतो. रात्री जमीन निवली की तो बऱ्याचदा पालटतो आणि देशावरून कड्याकडे वाहायला लागतो. पश्चिमेकडे पाठ करून तिरपी बांधलेली ताडपत्री मग पहाटे पूर्वेचा वारा थेट पोटात घेते आणि शिडासारखी फुगते. ताशी 40 किलोमीटरचा वारा 3 बाय 3 मीटरच्या कापडावर समोरून आदळला, तर ढोबळमानाने 70 किलोचा रेटा बसतो. वेग निम्मा झाला की रेटा पावच उरतो. संध्याकाळी जी बांधणी भक्कम वाटते, ती पहाटे का उखडते ते यावरून कळेल.

दिशा बदलण्याच्या बाबतीत डोम टेंट सरळ सरस. तो सगळीकडून जवळपास सारखाच गोल असतो, वारा त्याच्यावरून घसरून जातो. फक्त अरुंद बाजू वाऱ्याकडे आणि दार आडोशाला हवं. पण हा टेंट पोलवर आपोआप उभा राहतो, आणि तिथेच गोम आहे. उभा राहिला म्हणजे लागला, असं समजून लोक मेखा पिशवीतच ठेवतात आणि पाणी आणायला जातात. रिकामा टेंट उडायला एक झोत पुरतो. पोल चढवायच्या आधीच वाऱ्याकडचे दोन कोपरे मेखांनी पक्के करा, आत सॅक टाका, मगच तो उभा करा. आऊटरच्या, म्हणजे टेंटच्या बाहेरच्या कापडाच्या मध्यावर दोऱ्या बांधायला फासे असतात, त्या दोऱ्याही ताणून लावा. सैल आऊटर रात्रभर फडफडतो आणि शिवणीत फाटतो. स्वस्त टेंटचे फायबरग्लासचे पोल जोराच्या वाऱ्यात चिरतात, हा त्यांचा खरा दोष. परवडत असेल तर ॲल्युमिनियमचे पोल असलेला टेंट घ्या.

ताडपत्रीची मजा वेगळी. 10 बाय 12 फुटांची, 100 जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला 100 ग्रॅम वजनाची) ताडपत्री सव्वा किलोच्या आत भरते. तिच्याखाली आत दव धरत नाही, स्वयंपाकाला आडोसा होतो आणि पैसेही कमी लागतात. काठावरची दोरी ओवायची रिंग निखळली तर गोटा कापडात धरून वरून दोरी आवळायची, काम झालं. पण डास, किडे आणि गारठा यांना मज्जाव नाही. वाऱ्यात तिची एकच बांधणी भरवशाची: मधली दोरी कमरेच्याही खाली, दोन्ही बाजू जमिनीलगत, निमुळतं टोक वाऱ्याकडे. आत बसता येत नाही, सरपटत जावं लागतं. उंच, ऐसपैस मांडणी फोटोपुरती. झाडीत, दोन भक्कम खोडांमध्ये मात्र मी ताडपत्रीच निवडेन, पठारावर नाही.

कातळावर दोघांचीही पंचाईत सारखीच, कारण मेख शिरतच नाही. दगडाला नुसती दोरी गुंडाळली तर धारेवर घासून तुटते. त्याऐवजी दोरीला हातभर काठी आडवी बांधा, ती जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर, तंबूकडच्या बाजूने, जड दगड रचा. दोरी जितकी लांब आणि जमिनीलगत, तितकी दगडावरची उचल कमी. यासाठी गडाच्या तटाचे किंवा पडक्या वाड्याचे घडीव दगड मात्र उचलू नका. सरकवून ताणता येणारी गाठ आधी घरीच शिकून घ्या. काळोखात, गारठलेल्या बोटांनी ती नव्याने जमत नाही.

रात्री वारा अंगावरच आला तर ताडपत्री खाली घेऊन पांघरता येते. टेंटचे पोल काढून तो आडवा करता येतो. दोन्हींत झोप होत नाही, पण सामान शाबूत राहतं.

तेव्हा एकच काही घ्यायचं असेल आणि उघड्यावरचे मुक्काम जास्त असतील, तर बुटका, ॲल्युमिनियम पोलचा टेंट घ्या. जंगलातले, गावालगतचे मुक्काम असतील तर ताडपत्री पुरे. बजेट तुटपुंजं असेल, तर स्वस्त टेंट घेण्यापेक्षा बरी ताडपत्री, आठ-दहा दणकट मेखा आणि चांगली दोरी घ्या. कड्याच्या काठापासून भरपूर आत सरका, एखाद्या उंचवट्याच्या आडोशाला. आणि वनखात्याची त्या गडावर मुक्कामाला मनाई तर नाही ना, हे पायथ्याच्या गावात विचारूनच निघा. मनाई असेल तर पाचनईसारख्या गावात कुणाच्या तरी ओसरीवर पथारी टाकायची सोय होते. तिथे दोन्हींची गरज नाही.