वारा नाही, तरी लाट मोठी: इन्कॉइसचा अंदाज

एप्रिल-मेमध्ये मालवणला कधीकधी वारा अगदी पडलेला असतो, आभाळ स्वच्छ, तरीही किनाऱ्यावर लांबलचक लाटा येऊन आदळतात. त्या इथल्या नव्हेतच! दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळी वाऱ्यांनी उठवलेल्या, हजारो किलोमीटर कापून काही दिवसांनी पोचलेल्या. केरळात याला कल्लक्कडल म्हणतात.

आधी वापरायचो त्या हवामान अ‍ॅपवर फक्त इथला वारा दिसायचा, म्हणजे सगळं शांत. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेच्या अंदाजात लाटेच्या उंचीबरोबर दोन लाटांमधले सेकंदही मिळतात, आणि माझ्या लेखी खरी किंमत त्याचीच: सेकंद जास्त, म्हणजे लाट लांबून आलेली. उंची मीटरभरच दिसली, पण सेकंद पंधराच्या पुढे गेले, की आम्ही होड्या वर ओढतो. मोफत आहे, होडीवाल्यांनी रोज पाहावाच.