लग्नाचा डीजे : ठरलेले 65 हजार, गेलेले 1 लाख 2 हजार 700

माझ्या भाचीचे लग्न नाशिकजवळच्या एका लॉन्सवर गोरज मुहूर्तावर झाले आणि त्या लग्नाचा जमाखर्च माझ्याकडे होता. हळद आणि लग्न अशा दोन्ही कार्यक्रमांच्या डीजेसाठी 65 हजार रुपये ठरले होते. प्रत्यक्षात 1 लाख 2 हजार 700 रुपये द्यावे लागले. वरचे 37 हजार 700 रुपये ज्या कारणांसाठी मागण्यात आले, त्यांतले एकही कारण तपासणीत टिकले नाही, आणि मूळचे 65 हजार ज्या कामासाठी ठरले होते तेही काम झाले नाही. लग्नसराईच्या तारखा जाहीर झाल्या की पुष्कळ घरांत हाच हिशेब सुरू होतो, म्हणून कोणत्या टप्प्यावर काय सांगण्यात आले आणि नंतर काय निघाले, हे मी तपशिलाने लिहीत आहे. त्या व्यावसायिकाचे नाव येथे देत नाही, कारण त्याच्याविरुद्धची तक्रार सध्या ग्राहक आयोगापुढे आहे.

डीजेवर किती खर्च करावा, याविषयी घरात दोन मते होती. मेहुण्यांना 30 हजारांच्या वर जायचे नव्हते. मुलांना ‘साउंड दमदार’ हवा होता. आम्ही तीन ठिकाणी चौकशी केली. एकाने 18 हजार सांगितले, दुसऱ्याने 35 हजार, आणि तिसऱ्याने, म्हणजे ज्याने पुढे फसवले त्याने, 65 हजार. त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला होता. त्यात चार मोठे डबल बेस (एका पेटीत दोन स्पीकर असलेले, जड आवाजाचे), दोन्ही बाजूंना टांगलेले टॉप (बाकीच्या आवाजाचे स्पीकर), ट्रसवर, म्हणजे धातूच्या सांगाड्यावर, शार्पी हे फिरत्या झोताचे दिवे आणि मागे एलईडी भिंत दिसत होती, आणि ‘काका, हाच सेटअप येणार, शिवाय मी स्वतः वाजवणार’ असा आवाजी संदेशही सोबत होता. त्याच्या कोटेशनवर मात्र ‘प्रीमियम पॅकेज, 20,000 वॅट, हळद 4 तास, लग्न 6 तास’ एवढीच एक ओळ होती.

या एका ओळीतला प्रत्येक शब्द नंतर आम्हाला महाग पडला. वॅटचा आकडा कोणीही कितीही सांगू शकतो, कारण स्पीकर क्षणभर जो सर्वाधिक भार सोसतो तो आकडा आणि तो सलग ज्या भाराने वाजतो तो आकडा यांत मोठे अंतर असते, आणि जाहिरातीत नेहमी पहिलाच छापला जातो. म्हणून टॉप किती, बेस किती, बेस अठरा इंची सिंगल की डबल, कोणत्या कंपनीचे, ॲम्प्लिफायर कोणता, असे नगावारी विचारावे. जो खरोखर स्वतःचे सामान बाळगतो तो ही यादी तोंडपाठ सांगतो. आमच्या या माणसाला मी एकदा कंपनी विचारली, तेव्हा त्याने ‘सगळं ब्रँडेड आहे’ असे उत्तर दिले होते.

दुसरा शब्द तासांचा. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम 2000 नुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंदिस्त सभागृहाला यात काही सवलत आहे, पण लॉन्स म्हणजे उघडी जागा, आणि सभागृहाच्या कार्यालयात बसून लॉन्सचे बुकिंग करताना हा फरक कोणी सांगत नाही. राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते, परंतु ती सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी असते आणि कोणत्या तारखांना आहे ते जाहीर होते. ‘बारापर्यंत चालतं, आपलं सेटिंग आहे’ असे जो सांगतो, तो त्या 15 दिवसांविषयी बोलत नसतो.

आता आमचे वेळापत्रक पाहा. हळद संध्याकाळी सातला सुरू, म्हणजे दहापर्यंत तीन तास. लग्नाच्या दिवशी पाच ते साडेसहा नवरदेवाची वरात लॉन्सच्या फाटकापासून मांडवापर्यंत, त्यानंतर मंगलाष्टका आणि विधी, आणि आठपासून दहापर्यंत पुन्हा दोन तास. एकूण साडेसहा तास. आम्हाला विकले गेले दहा तास. 65 हजारांना दहाने भागले तर तासाला साडेसहा हजार पडतात, साडेसहाने भागले तर दहा हजार. हा भागाकार कोटेशन हातात पडताच करावा, कारण 35 हजार सांगणाऱ्याने ‘दहानंतर मी वाजवणार नाही’ असे आधीच बजावले होते आणि घरातल्या तरुण मंडळींनी नेमक्या त्याच कारणावरून त्याला बाद केले होते.

सुपारी पक्की करताना त्याने 40 हजार रुपये इसार मागितला. मे महिन्यातली दाट तारीख, ‘दुसरी पार्टी थांबली आहे’, वगैरे नेहमीचे बोलणे झाले. पैसे यूपीआयने दोन हप्त्यांत गेले आणि दोन्ही वेळा खाते वेगवेगळ्या व्यक्तींच्या नावाचे होते. पावती मागितल्यावर ‘शेवटी एकत्र बिल देतो’ असे उत्तर आले. हळदीला निम्मेच सामान आले. ‘बाकीचे लग्नाच्या दिवशी, हळदीला एवढे लागत नाही’ असे कारण देण्यात आले आणि पाहुण्यांच्या गर्दीत कोणी वाद वाढवला नाही.

लग्नाच्या दिवशी दुपारी, मांडवात फुले लागत असताना, फोन आला. टेम्पो भरून उभा आहे, उरलेले 25 हजार आणि ‘वरचे चार्जेस’ जमा झाले की गाडी निघेल. वरचे चार्जेस असे होते : म्युझिक लायसन्स (गाणी वाजवण्यासाठी हक्कधारकांची परवानगी) 12 हजार, जीएसटी 11 हजार 700, जनरेटर 9 हजार आणि पोलीस परवानगी 5 हजार. वरात पाचला निघायची होती. त्या वेळी नाशिकमध्ये दुसरा डीजे मिळणे शक्य नव्हते, आणि मागणीची वेळ निवडताना त्यानेही हाच विचार केला असावा. मी पैसे भरले, पण प्रत्येक रक्कम वेगळी पाठवली आणि प्रत्येक व्यवहाराच्या शेऱ्यात कारण लिहिले. पुढे तक्रारीत या शेऱ्यांचा सर्वांत जास्त उपयोग झाला.

म्युझिक लायसन्सच्या नावाखाली सध्या अनेक ठिकाणी पैसे मागितले जातात, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 52(1)(झेडए) नुसार धार्मिक विधीच्या निमित्ताने संगीत वाजवणे हा हक्कभंग ठरत नाही, आणि त्या कलमाच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात व लग्नाशी निगडित इतर सामाजिक समारंभ यांचा स्पष्ट समावेश आहे. केंद्र सरकारच्या उद्योग संवर्धन विभागाने 24 जुलै 2023 रोजी याच आशयाची जाहीर सूचना काढली होती. गोवा सरकारने जानेवारी 2024 मध्ये याच विषयावर काढलेले परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट 2024 मध्ये रद्द केले, आणि त्या बातमीचा आधार घेऊन ‘आता लायसन्स सक्तीचे झाले’ असे सांगणारे पुष्कळ निघाले. रद्द झाले ते परिपत्रक. कायद्यातले कलम आहे तसेच आहे. हॉटेलात भरणाऱ्या एखाद्या कार्यक्रमाचे स्वरूप लग्नाशी कितपत निगडित आहे, यावर वाद होऊ शकतो, हे मान्य. पण ज्याने लायसन्ससाठी पैसे घेतले, त्याच्याकडे निदान त्या तारखेचे, त्या जागेचे, यजमानाच्या नावाचे लायसन्स असले पाहिजे. आमच्याकडून 12 हजार घेणाऱ्याने आजतागायत कागदाचा एक तुकडाही दाखवलेला नाही.

जीएसटीची गोष्ट याहून सरळ होती. 65 हजारांवर 18 टक्के म्हणजे 11 हजार 700, हे गणित बरोबर होते. कर घेण्याचा अधिकार मात्र त्याला नव्हता. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नसते, आणि ज्याची नोंदणी नाही त्याने ग्राहकाकडून कर म्हणून एक रुपयाही घेऊ नये, असे केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम 32 सांगते. बिलासाठी फार तगादा लावल्यावर त्याने एक क्रमांक पाठवला. महाराष्ट्रातला जीएसटी क्रमांक 27 ने सुरू होतो. हा 24 ने सुरू होत होता, म्हणजे गुजरातचा. जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही हा पंधरा अंकाक्षरांचा क्रमांक टाकून पाहता येतो. तेथे तो कापडाच्या एका दुकानाच्या नावावर निघाला.

जनरेटरचे थोडक्यात सांगतो. लॉन्सच्या भाड्यात ध्वनियंत्रणेसाठी वेगळी वीजजोडणी आणि जनरेटर दोन्ही धरलेले होते, आणि त्या दिवशी डीजे त्याच जोडणीवर वाजला. लॉन्सच्या करारपत्रात ही नोंद होती; व्यवस्थापकाने ती नंतर दाखवली.

पोलीस परवानगीचा प्रकार अधिक गंभीर होता, कारण त्यात अडकलो असतो ते आम्ही. ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते आणि ती स्थानिक पोलीस ठाण्यात अर्ज करून घ्यावी लागते. दहाला थोडा वेळ असताना पोलीस फाटकाशी आले, त्यांनी परवानगीचे पत्र मागितले, आणि डीजे चालवणाऱ्या मुलाने माझ्याकडे बोट दाखवले. ज्याने 5 हजार घेतले होते, त्याचा फोन बंद होता. पोलिसांनी समज देऊन आवाज तत्काळ बंद करायला लावला आणि आमच्या नावाची नोंद करून घेतली. निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. आमच्या मागच्या बाजूला वस्ती होती आणि तेथूनच फोन गेला होता. त्या रहिवाशांचे काहीही चुकले नव्हते.

मी ‘डीजे चालवणारा मुलगा’ म्हटले, कारण ज्याने ‘मी स्वतः वाजवणार’ असे सांगितले होते तो आलाच नाही. विशीतला एक मुलगा लॅपटॉप आणि छोटा कंट्रोलर घेऊन आला, सोबत दोन सिंगल बेस, दोन टॉप आणि चार पार लाइट (साधे रंगीत दिवे). एलईडी भिंत नाही, ट्रस नाही. जेवणाच्या वेळी मी त्याच्याशी बोललो तेव्हा कळले की तो सिन्नरकडच्या दुसऱ्याच एका डीजेवाल्याकडे कामाला आहे आणि त्याच्या मालकाने ही सुपारी दोन्ही दिवसांची मिळून 28 हजारांत घेतली आहे. म्हणजे आमच्या माणसाने फक्त फोन आणि व्हिडिओ यांवर मधले पैसे काढले होते. तो व्हिडिओसुद्धा त्याचा नव्हता; नीट पाहिल्यावर त्यातल्या कमानीवर दुसऱ्या जिल्ह्यातल्या कार्यालयाचे नाव दिसते. सुपारी पुढे देणे हा या धंद्यातला सर्रास प्रकार आहे आणि दाट तारखेला प्रामाणिक माणसालाही तो करावा लागतो, पण मग ते ग्राहकाला सांगितले पाहिजे आणि सामान तरी ठरलेले आले पाहिजे. त्या मुलावर माझा राग नाही. त्याने जेवढे सामान होते त्यात व्यवस्थित वाजवले.

या अनुभवानंतर दिराच्या मुलासाठी डीजे ठरवताना माझ्या बहिणीने उलट क्रम धरला. आधी कायद्याने किती तास वाजू शकते ते मोजले, मग पाहुण्यांची संख्या आणि जागा सांगून नगावारी यादी मागितली, आणि त्यानंतर भाव विचारला. शंभर रुपयांच्या मुद्रांक कागदाची गरज पडली नाही. एका साध्या कागदावर सामानाची यादी, वाजवणाऱ्याचे नाव, सुरू व बंद करण्याची वेळ, वीज कोणाची, परवानगी कोण काढणार, ‘याव्यतिरिक्त कोणताही आकार नाही’ हे वाक्य आणि दोघांच्या सह्या एवढे पुरले. इसार चौथा हिस्सा, निम्मी रक्कम सामान जागेवर लागल्यावर, उरलेली कार्यक्रम संपल्यावर. दोघांनी या अटी ऐकून नकार दिला. तिसऱ्याने मान्य केले आणि भाव सांगितला 32 हजार.

आमच्या प्रकरणात वकिलामार्फत नोटीस गेल्यावर जीएसटीचे 11 हजार 700 रुपये निमूटपणे परत आले, बहुधा त्या गुजरातच्या क्रमांकामुळे. बाकीच्या रकमेसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. सेवेसाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे ती करता येते, ई-जागृती संकेतस्थळावरून घरबसल्याही करता येते, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. आम्ही ती केली होती, पण त्याने तेथे उत्तर दिले नाही. पुरावा गोळा करताना एक अडचण आली : त्याने व्हॉट्सॲपवर संदेश आपोआप पुसले जाण्याची सोय सुरू करून ठेवली होती, त्यामुळे सुरुवातीचे बरेच बोलणे नाहीसे झाले. कोटेशन, तो व्हिडिओ आणि ‘मी स्वतः वाजवणार’ हा आवाजी संदेश भाचीने आपल्या मैत्रिणींना पुढे पाठवला होता, म्हणून तेवढे हाती लागले. व्यवहार ठरत असतानाच सगळे संभाषण वेगळे साठवून ठेवावे. पहिल्या तारखेला तो आयोगापुढे हजर राहिला नाही. पुढची तारीख लागली आहे आणि सिन्नरच्या त्या डीजेवाल्याने 28 हजारांच्या व्यवहाराची नोंद द्यायचे कबूल केले आहे.