होई आनमध्ये शिवलेले दोन सूट : नऊ महिने वापरल्यानंतर

गेल्या एप्रिलमध्ये व्हिएतनाममधल्या होई आन गावात दोन दुकानांतून कपडे शिवून आणले. आता जानेवारी संपत आलाय. मधल्या काळात ते मिरजेच्या दवाखान्यांत डॉक्टरांची वाट बघत बसताना अंगावर होते, पुण्याच्या मीटिंगांना होते, मे महिन्यातल्या एका लग्नाच्या रिसेप्शनला होते आणि प्रत्येकी दोनदा ड्रायक्लीनिंगला जाऊन आले. परतल्या परतल्या लिहिलं असतं तर दोन्ही दुकानांचं सारखंच कौतुक केलं असतं. म्हणून मुद्दाम थांबले.

मी औषध कंपनीत एरिया मॅनेजर आहे, सांगलीत राहते. उंची ४ फूट ११ इंच. तयार ब्लेझर खांद्याला बसला तर खाली बटण लागत नाही, आणि बटण लागेल असा घेतला तर खांदे दंडावर उतरतात. सांगलीत ब्लाउज शिवणाऱ्या इतक्या हुशार बाया आहेत की एका मापावर वर्षानुवर्षं डोळे झाकून कापड टाकावं. पण ब्लेझर म्हटलं की त्या हात जोडतात. आणि पुरुषांचे कपडे शिवणारे बाईचं माप घ्यायला अवघडतात, शिवलाच तर तो भावाचा कोट घातल्यासारखा दिसतो. पुण्यात विचारलं तर नुसत्या ब्लेझरचे १४ हजार सांगितले. त्यामुळे टार्गेट पूर्ण करणाऱ्यांना कंपनी व्हिएतनामला नेणार हे कळलं, तेव्हापासूनच मी ठरवलं होतं की तिथून सूट शिवून आणायचा.

होई आन हे दा नांगपासून साधारण ३० किलोमीटरवरचं थू बोन नदीकाठचं जुनं बंदर. कधी काळी रेशमाचा मोठा व्यापार तिथून चालायचा. जुनं गाव १९९९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आजही तिथे शिंप्यांची शेकडो दुकानं आहेत आणि २४ तासांत सूट शिवून देण्याच्या पाट्या जागोजागी दिसतात. जुन्या घरांच्या भिंतींवर पुराचं पाणी कुठवर आलं त्याच्या खुणा सालासकट करून ठेवल्यात. त्यापुढे मी बराच वेळ उभी राहिले. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेलेली ज्यांनी पाहिलीय, त्यांना मी का थांबले ते सांगायला नको.

पहिलं दुकान गाइडने दाखवलं. आम्ही १४ जण एकदम आत शिरलो. मोठं, वातानुकूलित, काचेच्या दारांचं. काळं कापड मला ‘वूल-कश्मीर’ (लोकर आणि कश्मीरी बकरीची मऊ लोकर) म्हणून दाखवलं, ब्लेझर आणि पँट मिळून ९५ डॉलर. दहा मिनिटांत मापं झाली. दुसऱ्या दिवशी गेले तर सूट काजबटणांसकट पूर्ण तयार. आरशात छान दिसला. बाही थोडी कमी करायला सांगितली, ती संध्याकाळपर्यंत करून मिळाली. सगळे खूश होते, मीही होते.

दुसरं दुकान मी स्वतः शोधलं, त्याच संध्याकाळी, मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्लीत. तिथल्या बाई माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या असतील. ‘ची’ म्हण, म्हणाल्या. त्यांच्याकडे मोठ्या बहिणीला ची म्हणतात, म्हणजे आपली ताईच. त्यांच्याकडे मी एक गोष्ट केली जी पहिल्या दुकानात सुचली नव्हती. टांगलेला एक तयार कोट मागितला आणि तो उलटा करून बघितला. आतल्या शिलाया सरळ होत्या, अस्तर ओढलेलं नव्हतं. कापड कोणतं असं विचारल्यावर त्यांनी सरळ सांगितलं की निम्म्याहून जास्त लोकर, बाकी पॉलिएस्टर. तिथेच कापडाच्या कडेचा एक धागा काढून लायटरवर धरून दाखवला. निखळ लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे राहते ती राख बोटांत चुरगळते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. इथे वास केसांचा आला, आणि राखेत थोडे कडक कण लागले. म्हणजे बाई खरं बोलत होत्या. रात्री हॉटेलवर पहिल्या दुकानाच्या कापडाचा नमुना जाळून पाहिला. नुसता मणी. कश्मीर सोडाच, लोकरीचाही वास नाही.

निळा ब्लेझर-पँट १४५ डॉलर, म्हणजे तेव्हाचे आपले साधारण साडेबारा हजार, आणि दोन सुती शर्ट प्रत्येकी २२ डॉलर. पहिली ट्रायल दुसऱ्या दिवशी दुपारी झाली. कोट नुसता पांढऱ्या धावदोऱ्याने जोडलेला, एकच बाही लावलेली, दुसऱ्या बाजूचा मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, उघडा. मला जरा काळजी वाटली, पण तीच खरी ट्रायल होती. पक्की टीप मारल्यावर आणि काजं पाडल्यावर ट्रायल घेऊन शिंपी फार काही बदलू शकत नाही. खांदा तर जवळजवळ नाहीच. ची म्हणाल्या, रोज जे करतेस ते करून दाखव. मी गाडीचं हँडल धरल्यासारखे दोन्ही हात पुढे केले. पाठ ताणली. त्यांनी मुंढा वर घेतला. मला वाटलं होतं की मुंढा मोठा असेल तर हात मोकळा राहतो, पण ते उलटं आहे. मुंढा काखेजवळ उंच असला तर हात उचलताना फक्त बाही हलते, आणि खाली उतरलेला असला तर हाताबरोबर सगळा कोट वर येतो. पहिल्या दुकानाच्या कोटाचं नेमकं हेच झालंय. सांगली-मिरज गाडीवरून गेले की तो कोट पोटावर गोळा होऊन बसतो.

पँटसाठी मी घरून माझी सगळ्यात चांगली बसणारी जुनी पँट नेली होती, गणपती मंदिराजवळ बसणाऱ्या आमच्या शिंपीकाकांनी शिवलेली. तिच्यावरून हुबेहूब माप उचललं गेलं. शब्दांत समजावण्यापेक्षा हे शंभर पटींनी सोपं, कारण आपण इंचात बोलतो आणि ते सेंटिमीटरमध्ये, आणि ‘थोडं सैल’ म्हणजे किती हे प्रत्येकाचं वेगळं. रोजचे बूटही घालून गेले होते, त्यामुळे पँटची लांबी एकदाच ठरली. अशा तीन ट्रायल झाल्या. शेवटची निघायच्या दिवशी सकाळी, बस उभी असताना.

आता नऊ महिन्यांचं.

काळ्या सूटची पँट जूनमध्ये सीटवर चकाकायला लागली. ऑगस्टमध्ये दुसऱ्या ड्रायक्लीनिंगनंतर ब्लेझरच्या लॅपलवर, म्हणजे छातीवर उलट्या वळलेल्या पट्टीवर, बारीक बुडबुडे उठले. कोटाच्या पुढच्या भागाला ताठपणा यावा म्हणून आतून एक थर देतात. स्वस्तात तो डिंक लावून गरम प्रेसने चिकटवतात, आणि वाफ, उष्णता, घाम यांनी डिंक सुटला की असे फोड येतात. ते परत बसत नाहीत, इस्त्रीने तर वाढलेच. निळ्या कोटात छातीपर्यंत हा थर जाड कापडाचा, म्हणजे कॅनव्हासचा आहे, तोही न चिकटवता टाक्यांनी धरलेला. तपासायची रीत ची यांनीच शिकवली. वरच्या काजाच्या वर, छातीजवळ, वरचं कापड आणि आतली पट्टी दोन्हीकडून चिमटीत धरून हलकेच वेगळी ओढायची. मध्ये तिसरा थर सुटा हलताना लागला तर कॅनव्हास, नाही लागला तर चिकटवलेलं. निळ्याचं लॅपल आजही पहिल्या दिवसासारखं वळतं.

निळ्यातही उणिवा आहेत. अस्तर पॉलिएस्टरचं आहे. मे महिन्यात रिसेप्शनला दोन तास घातला तर पाठीला चिकटला. पुन्हा शिवला तर सांगलीच्या उन्हाळ्यासाठी अर्धंच अस्तर, तेही व्हिस्कोसचं मागेन. दोन बटणं सहा महिन्यांत सैल झाली. सुती शर्टांच्या बाह्या पहिल्या धुण्यात अर्धा इंच आटल्या, कारण कापड आधी भिजवून घेतलेलं नव्हतं. ते मीही विचारलं नाही. पावसाळ्यात ब्लेझर प्लास्टिकच्या कव्हरमध्ये ठेवल्यामुळे कॉलरखाली बुरशीचे ठिपके आले. ती माझी चूक. आता जुन्या सुती साडीचं कव्हर शिवून त्यात ठेवते.

पण ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते दिवाळीनंतरचं. माझं वजन चार किलोंनी वाढलं होतं आणि दोन्ही पँटी कमरेत घट्ट झाल्या. दोन्ही घेऊन शिंपीकाकांकडे गेले. त्यांनी निळी पँट उलटी केली, मागची शिलाई अंगठ्याने उघडून पाहिली आणि म्हणाले, “ताई, ह्यात माया सोडलीया. दीड इंच आरामात निघंल.” माया म्हणजे शिलाईच्या आत राखून ठेवलेलं जादा कापड. मग काळी घेतली. बराच वेळ बघत राहिले. “ह्यात मायाच न्हाई. टीपेला लागून कापड कापून ओव्हरलॉक मारलंय. उसवून काय करू?”

निळी त्यांनी ऐंशी रुपयांत सैल करून दिली. काळी कपाटात पडून आहे.

काकांनी मग निळा ब्लेझरही मागून घेतला आणि खिडकीच्या उजेडात दहा मिनिटं बघितला. बाजूच्या शिलाईत माया, बाहीच्या टोकाला माया, पाठीच्या मधल्या शिलाईत माया. “शिवणारानं पुढचं बघितलंया,” एवढंच बोलले. चाळीस वर्षं मशीनवर बसलेल्या माणसाने परक्या देशातल्या, कधी न भेटलेल्या कारागिराला दिलेली ती दाद होती. मला फार बरं वाटलं.

म्हणून परदेशात शिवून घ्यायचं असेल तर माझं सांगणं आहे की किमतीआधी माया विचारा. तिला इंग्रजीत काय म्हणतात ते येत नसलं तरी चालेल, कोणताही तयार कपडा उलटा करा आणि शिलाईपलीकडे बोटभर कापड आहे का बघा. आणि पहिल्याच दिवशी दुकानात जा. शेवटच्या दिवसासाठी ठेवलेल्या खरेदीत ट्रायल होत नाही. ‘मापं ठेवलीयत, घरी पाठवू’ यावरही फार विसंबू नका. मी अजून एक पँट मागवायचं विचारलं होतं, तर कुरिअरचा खर्चच पँटच्या जवळपास गेला. आणि वजन बदललं की जुनी मापं काय कामाची?

ऑक्टोबरच्या शेवटी होई आनला मोठा पूर आल्याच्या बातम्या पाहिल्या आणि चींना मेसेज केला. दोन दिवस उत्तर नाही. मग एक फोटो आला, माळ्यावर रचलेले कापडाचे ठाण आणि खाली गुडघाभर पाण्यात शिवणयंत्राचा लोखंडी पाय. आम्ही २०१९ ला गव्हाचं पिंप आणि आईच्या साड्या माळ्यावर चढवल्या होत्या, तसंच. नोव्हेंबरच्या मध्यावर दुकान पुन्हा उघडल्याचं त्यांनी कळवलं.

माझी एक सहकारी मार्चमध्ये बँकॉकला जातेय. तिथे सुखुमवित भागातली बरीच शिंप्यांची दुकानं भारतीय वंशाच्या लोकांची आहेत, त्यामुळे हिंदीवर काम भागतं. तिला दोनच गोष्टी सांगितल्यात. टुकटुकवाला नेईल त्या दुकानात शिवायचं नाही, आणि धावदोऱ्यावरची ट्रायल झाल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. माप उचलायला तिची स्वतःची पँट गेल्याच आठवड्यात काकांकडे शिवायला टाकलीय.