दोन बिलांतून भाव काढायचा आहे? कॅसिओ एफएक्स-९९१ईएस प्लस घ्या

एकूण रक्कम माहीत आहे, पण एकेका वस्तूचा भाव माहीत नाही, अशी दोन बिलं असली की एकसामयिक समीकरणं, म्हणजे दोन अज्ञात भाव एकत्र शोधणारी दोन समीकरणं, मांडावी लागतात. हे काम हा कॅल्क्युलेटर चोख करतो. स्वस्तातल्या एफएक्स-८२एमएसमध्ये समीकरणांचा मोड नाही. या कामासाठी तो घेऊ नका.

समजा, ३ वडापाव आणि २ चहाचे ८४ रुपये झाले. ५ वडापाव आणि ४ चहाचे १४८. मोड, मग ५, मग १ दाबा. समोर तक्ता येतो. पहिल्या ओळीत ३, २, ८४ आणि दुसरीत ५, ४, १४८ भरा. प्रत्येक आकड्यानंतर बरोबरचं बटण. सगळं भरून झाल्यावर पुन्हा बरोबर दाबलं की एक्स २०, आणखी एकदा दाबलं की वाय १२. वडापाव वीसचा, चहा बाराचा. उत्तर दिसत असताना एसी दाबला की भरलेला तक्ता परत येतो, त्यामुळे एखादी रक्कम बदलून लगेच सोडवता येतं. तक्त्यावर असताना मात्र एसीला हात लावू नका, सगळे आकडे शून्य होतात.

दुसरं बिल ६ वडापाव, ४ चहा, १६८ रुपये असेल तर 'मॅथ एरर' येतो. ते पहिल्याच बिलाची दुप्पट आहे, नवी माहिती काहीच नाही. १७० रुपये असेल तरी तोच एरर, पण तिथे भाव बदललाय किंवा बेरीज चुकली आहे. हा फरक ईएस प्लस सांगत नाही; नंतरचा ९९१ईएक्स सांगतो. खरी उणीव हीच.

जवळजवळ सारखी बिलंही टाळा. एकात १० आणि ९ नग, दुसऱ्यात ११ आणि १० नग असतील, तर पहिल्या बिलात एका रुपयाचं राउंडिंग झालं तरी एक्स १० रुपयांनी आणि वाय ११ रुपयांनी हलतो. कॅल्क्युलेटर बरोबरच असतो, बिलांची निवड चुकलेली असते.

महावितरणच्या दोन घरगुती बिलांवरून (वीज शुल्क वगळलेल्या रकमेवरून) स्थिर आकार आणि वहन आकारासह युनिटचा दर काढायचा असेल, तर दोन्ही महिन्यांचा वापर १०० युनिटच्या आत हवा, कारण त्यापुढच्या युनिटना वेगळा दर लागतो, आणि इंधन समायोजन आकार (इंधनाच्या खर्चानुसार बदलणारी प्रति युनिट रक्कम) सारखा हवा. दोन्ही १०१ ते ३०० मध्ये असतील तर त्या टप्प्याचा दर बरोबर निघतो, स्थिर आकार चुकतो. एक इकडे, एक तिकडे असेल तर दोन्ही उत्तरं निरुपयोगी.