घरची झोप-तपासणी आणि सोबतचं ‘हार्ट मार्कर’ पॅकेज: पैसे कुठे घालावेत

घोरणाऱ्यांना ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार, आहे का ते बघायला काही लॅब आता जोडपॅकेज देतात: रात्री घरी यंत्र, सकाळी उपाशीपोटी रक्त. त्यात एचएस-सीआरपी (शरीरातला दाह), एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण), ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूची इजा), लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे), एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर) असतं. महागड्या पॅकेजमध्ये आयएल-६ आणि टीएनएफ-अल्फा हे दाहाचे घटकही. यंत्राचा भाग चोख आहे. रक्ताचा बराचसा भाग बहुतेकांना लागत नाही.

नाकाखाली नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिजनची क्लिप, एवढंच ते यंत्र. तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा मंदावला तो आकडा म्हणजे एएचआय: ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० किंवा त्याहून जास्त तीव्र. घोळ होतो तो बहुधा नळीचा. कुशीवर वळताना ती निसटते आणि श्वासाची रेघ सपाट होते. ती कानांमागून घेऊन दोन्ही गालांवर कागदी टेपने चिकटवा. क्लिपच्या बोटाला नेलपॉलिश नको, हात गार नकोत. वापरता येईल असं किमान ४ तासांचं रेकॉर्डिंग हवं. त्याहून कमी असेल तर दुसरी रात्र मागून घ्या.

या यंत्राला मेंदूच्या लहरी दिसत नाहीत, त्यामुळे जागेपणीचा वेळही भागाकारात धरला जातो आणि आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येतो. दिवसा डुलक्या, घरच्यांनी पाहिलेला अडकलेला श्वास, आणि तरी रिपोर्ट नॉर्मल? मग हॉस्पिटलात पूर्ण पॉलिसोम्नोग्राफी (मेंदूच्या लहरींसकट रात्रभराची झोप-तपासणी) करावीच.

फक्त आकडा घेऊन थांबू नका, ऑक्सिजनचा आलेख मागा. तीव्र ॲप्नियात ती रेघ करवतीसारखी दिसते. एकेक दात म्हणजे श्वास अडला, ऑक्सिजन घसरला, शरीर दचकलं, ॲड्रेनालिन उसळलं, रक्तदाब चढला. रात्रभर असं चाललं की रक्तवाहिन्यांच्या अस्तराला सूज येते. हृदयाशी नातं जुळतं ते इथे, आणि रक्तातले मार्कर त्याचीच सावली दाखवतात. ऑक्सिजन ९० टक्क्यांखाली किती वेळ गेला तोही आकडा रिपोर्टात बघा.

सावलीच म्हणायची, कारण यातल्या कुठल्याही मार्करवरून ॲप्नियाचं निदान होत नाही. एचएस-सीआरपी १ मिग्रॅ प्रति लिटरच्या खाली असेल तर हृदयाचा धोका कमी, ३ च्या वर जास्त. पण नुसत्या पोटाच्या चरबीनेही तो वाढतो. १० च्या वर गेला तर आधी सर्दी-ताप, दाताचा संसर्ग शोधा आणि २-३ आठवड्यांनी पुन्हा करा. एनटी-प्रोबीएनपी धाप लागणाऱ्याला, पाय सुजणाऱ्याला कामाचा: १२५ पिकोग्रॅम प्रति मिलीच्या खाली असेल तर हार्ट फेल्युअरची शक्यता कमी. मात्र लठ्ठपणात तो मुळातच कमी येतो, आणि ॲप्नियाचे पुष्कळ रुग्ण लठ्ठच असतात, म्हणून नॉर्मल आकड्यावर विसंबून धाप अंगावर काढू नका. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त घ्यायला येणाऱ्याला आधीच सांगा. काही पद्धतींत त्याने ट्रोपोनिन खोटा कमी दिसतो. छातीत दुखत असेल तर पॅकेज बुक करत बसायचं नाही, थेट कॅज्युअल्टी गाठायची.

आयएल-६ आणि टीएनएफ-अल्फा सरळ वगळा. संशोधनात त्यांना मोल आहे, पण तुमच्या आकड्यावरून डॉक्टरांचा उपचार बदलत नाही. लिपिड आणि एचबीए१सी वर्षभरात झालं नसेल तर जरूर करा.

सीपॅप (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं मशीन) सुरू केल्यावर दर महिन्याला मार्कर करून घ्यायचा आग्रह कुणी धरला तर नको म्हणा. २०१६ च्या ‘सेव्ह’ अभ्यासात आधीच हृदय किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले २,७१७ ॲप्नियाचे रुग्ण होते. सीपॅपने त्यांचे हार्ट अटॅक-स्ट्रोक कमी झाले नाहीत, आणि मास्क सरासरी रात्री ३.३ तासच लागत होता. म्हणून महिन्याला बघायचंच तर मार्करऐवजी मशीनच्या मेमरीतले वापराचे तास, मशीन लावूनही उरलेला एएचआय, मास्कची गळती आणि घरी सकाळी मोजलेला रक्तदाब बघा.